वगळलेल्या परिच्छेदातली चूक

नितीन, माघातल्या एका मंगळवारी सकाळी, नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात तुझा श्वास थांबला. कारण न्यूमोनिया. खोलीत आई, नाना आणि मी होतो. माझा नवरा प्रकाश औषधं आणायला खाली गेला होता.

एवढं नक्की आहे. बाकीचं मी क्रमाने लिहिते. क्रमाशिवाय मला लिहिता येत नाही, आणि तुला क्रमाशिवाय ऐकवत नसे.

तुझी निधनवार्ता मी लिहिली नाही. पेपरात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने लिहिली. ‘दीर्घ आजाराने’ असं त्यात छापून आलं. तू असतास तर ओळीखाली पट्टी ठेवून ते दोन शब्द दाखवले असतेस. बारावीच्या मुलांना जीवशास्त्राच्या शिकवणीच्या पहिल्याच दिवशी तू सांगायचास, “मी आजारी नाही. माझ्या वायरिंगवरचं वेष्टण खराब आहे. करंट येतो, फक्त उशिरा येतो. तेव्हा मी वाक्य पूर्ण करेपर्यंत कुणी उत्तर द्यायचं नाही.” मुलं हसायची. दुसऱ्या आठवड्यापासून ती खरोखरच थांबायला शिकायची. मी मात्र कधी शिकले नाही. तुझं वाक्य मी अर्ध्यात पूर्ण करायचे, बहुतेक वेळा चुकीचं, आणि तू पहिल्यापासून सुरुवात करायचास.

तुझे डोळे हलत, ही आपल्या घरातली पहिली नोंदवलेली गोष्ट. तू सव्वा महिन्याचा असताना आईला ते दिसलं. बुबुळं एका जागी ठरत नव्हती, झुल्यासारखी डावीकडून उजवीकडे जात. मग मान उशिरा धरलीस, बसलास उशिरा, चाललास तर फारच उशिरा, आणि चाललास तेव्हा पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत. डॉक्टर म्हणाले, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला असेल. आईने पुढची कितीतरी वर्षं बाळंतपण करणाऱ्या सुईणीला माफ केलं नाही. लोकांनी विचारलं की ती सांगायची, “पोलिओ.” पोलिओ लोकांना माहीत होता. त्यावर दुसरा प्रश्न येत नसे.

पंचवटीतल्या आपल्या गल्लीत तुझ्या काठ्यांचा आवाज ओळखीचा झाला होता. नाना मखमलाबादच्या मळ्यातून फुलं घेऊन बाजारात जायचे आणि परत आल्यावर एम-एटीवरून तुला कॉलेजला सोडायचे. काठ्या गाडीच्या बाजूला सायकलच्या ट्यूबने बांधलेल्या. तू वर्गात शिरलास की शेवंतीचा वास यायचा, असं तुझे मित्र म्हणत. तुला त्याचा राग यायचा. “लोकांना वाटतं मी देवळातून आलो,” म्हणायचास.

खरं कारण कळलं तू कॉलेजात असताना, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मुंबईत मेंदूची एमआरआय तपासणी झाली. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि मेंदूतला जो भाग एका रंगाचा दिसायला हवा तो दुसऱ्याच रंगाचा दिसतोय, असं सांगितलं. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण असतं, ते पुरेसं बनलेलंच नव्हतं. मग त्यांनी आईला विचारलं, “तुमच्या माहेरी असं कुणी?”

आई म्हणाली, “नाही.”

मोठी मावशी सोबत आली होती, सटाण्याहून. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती आईकडे न बघता म्हणाली, “आपला भाऊ असाच व्हता. डोळा बी असाच हालेत त्याना. तू धाकली व्हती, तुले याद नही.”

त्या मामाला ‘वारं लागलं होतं’ एवढंच आपण ऐकलं होतं. तो विशीत तापाने गेला. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ काढून समजावून सांगितलं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर तिचं भागतं. मुलाला आईकडून एकच प्रत मिळते. कुठली, ते कुणाच्या हातात नसतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मी त्या वेळी पेपरात नुकतीच लागले होते आणि उत्तर येण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचायला शिकत होते. तो चेहरा मला वाचता आला.

परतताना इगतपुरीला गाडी थांबली. आईने चहा घेतला नाही. त्या दिवसानंतर तिने सुईणीचं नाव पुन्हा काढलं नाही. ‘पोलिओ’ म्हणणं मात्र तिने सोडलं नाही. उलट ती ते अधिक ठासून म्हणू लागली. माझं लग्न व्हायचं होतं.

आता तू मला शिकवलेल्या गोष्टीकडे येते.

एकदा दुपारी नानांनी तुला आमच्या ऑफिसात आणून सोडलं. तेव्हा पानं संगणकावर पूर्ण लागत नव्हती. मजकूर ब्रोमाइड कागदावर छापून यायचा, त्याच्या पट्ट्या ब्लेडने कापून मोठ्या शीटवर चिकटवायच्या. तू पेस्टिंगच्या टेबलाशी बसलास आणि ब्लेड बघत राहिलास. तालुक्याची आवृत्ती आधी सुटायची, शहराची नंतर. त्या दिवशी तालुक्याच्या पानावर बियाण्यांची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. आमच्या पेस्टिंगवाल्यांनी एका बातमीच्या मधला परिच्छेद उचलून बाजूला ठेवला आणि वरचा-खालचा मजकूर जोडून टाकला.

“मधनं कापलं?” तू विचारलंस.

“मग? शेवटी मुख्यमंत्र्यांचं वाक्य आहे. ते कापलं तर मला कापतील.”

मी म्हटलं, बातमी नेहमी खालून कापायची असते, नियम तसाच आहे. ते म्हणाले, “नियम तुमच्या टेबलावर. इथं जोड बसला पाहिजे, बास.”

संध्याकाळी आपण घरी आलो. जेवताना म्हणालास, “ताई, पेशी हेच करते.”

मग तू ताटाच्या कडेला भेंडीचे तुकडे मांडलेस. जनुक सलग लिहिलेलं नसतं. कामाचा मजकूर तुकड्यातुकड्यांत असतो, मध्ये मध्ये भरताड. पेशी आधी सगळं उतरवून घेते, मग भरताड कापते आणि कामाचे तुकडे जोडते. आपल्या या जनुकाचे तुकडे सात. त्यातल्या तिसऱ्याची गंमत अशी की त्याचा उत्तरार्ध पेशी कधी ठेवते, कधी वगळते. ठेवला तर मोठं प्रथिन बनतं, त्याचं नाव पीएलपी. वगळला तर त्याच मजकुरातून एक आखूड प्रथिन बनतं, त्याला डीएम-ट्वेंटी म्हणतात. जनुक एक, प्रथिनं दोन. गर्भात आधी आखूड बनतं. पुढे मेंदू वेष्टण चढवायला लागला की मोठ्याचं प्रमाण वाढतं.

“कोण ठरवतं काय वगळायचं?” मी विचारलं.

“तुमच्याकडे जाहिरात ठरवते. तिथे कोण ठरवतं ते अजून नीट कळलेलं नाही.”

आई म्हणाली, “भेंडी खा. तुकडे करून ठेवलेत नुसते.”

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे ती चूक झाली. धरणाच्या पाण्याची बातमी होती. मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं की पंचवटीचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहील. खरं तर शुक्रवारी राहणार होता. तालुक्याच्या आवृत्तीत तो परिच्छेद घेतला नव्हता. पंचवटीच्या नळाशी येवल्याचा काय संबंध? दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली आणि मुख्य उपसंपादक संतापून म्हणाले, “सगळ्या आवृत्त्यांत दुरुस्ती घ्या. सगळ्या म्हणजे सगळ्या.” घेतली. सकाळी येवल्याच्या वार्ताहराचा फोन आला.

“म्याडम, इथं लोक विचारून राहिले, गुरुवारची बातमी कुठं हाय? अन् आमच्याकडं आठ-आठ दिवस नळाला पाणी नाय, पंचवटीच्या शुक्रवारचं आम्ही काय करायचं?”

घरी वेगळाच गोंधळ. आईने गुरुवारसाठी हंडे, बादल्या, पातेली भरून ठेवली होती. “तुझ्या पेपरच्या नादानं कुकरसुद्धा भरला मी. आता भात कशात लावू?”

तू इतका हसलास की ठसका लागला. मग सावकाश, एकेक शब्द उचलत म्हणालास, “ताई, येवल्याला दुरुस्ती लागतच नव्हती. चूक ज्या परिच्छेदात होती, तो तिथे गेलाच नव्हता.”

त्या वेळी ते एवढंच होतं.

दोन हजार सालाच्या आसपास दिंडोरी रोडला सायबर कॅफे निघाला. तोवर तू चाकाच्या खुर्चीत आला होतास. खुर्ची आत जात नव्हती म्हणून मालकाने एक संगणक दाराशी, चपलांच्या रॅकशेजारी मांडला. तू पडद्यावर पट्टी धरून वाचायचास, कारण ओळी पळायच्या. तिथे तुला कळलं की या आजाराच्या बहुतेक घरांत मजकूर चुकलेला नसतो, अख्खं जनुक दोनदा लागलेलं असतं. जास्त प्रथिन बनतं आणि तेच नडतं. काही घरांत जनुक पूर्णच गायब असतं. ती माणसं चुकीचं प्रथिन बनवणाऱ्या काही जणांपेक्षा बरी असतात. हे ऐकून मी म्हटलं होतं, “बरोबर आहे. चुकीची बातमी लागण्यापेक्षा न लागलेली परवडते.” तुला ते फार आवडलं. मुलांना शिकवताना तू ते माझ्या नावासकट वापरायला लागलास.

आणि तिथेच तू वाचलंस की काही थोड्या घरांत चूक नेमकी त्या वगळल्या जाणाऱ्या भागात असते. तिथे मोठं प्रथिन बिघडतं, पण आखूड धड बनतं. अशी माणसं उशिरा चालतात, पण चालतात. अडखळत बोलतात, पण बोलतात.

त्या संध्याकाळी तू दारातूनच ओरडलास. तुझं ओरडणं म्हणजे आमचं साधं बोलणं, तरी ओरडलासच. “ताई! मी येवल्याची आवृत्ती आहे!”

नानांना काही कळलं नाही. ते म्हणाले, “येवल्याला कशाला जायचंय आता?”

अंदाज खरा आहे का, हे बघायला तुझं रक्त तपासणं आवश्यक होतं. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टरीणबाई तयार झाल्या. पुढे काही वर्षं गेली. नमुना एकदा खराब झाला, एकदा काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. तू दर काही आठवड्यांनी फोन करायचास. पलीकडच्या माणसाला तुझं बोलणं समजेना की तो फोन ठेवायचा आणि तू पुन्हा लावायचास. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांचाच फोन आला. चूक सापडली. तिसऱ्या तुकड्याच्या उत्तरार्धात. तुझा अंदाज बरोबर होता.

तू विद्यार्थ्यांना पेढे वाटलेस. आई भडकली. “आजाराचे कुणी पेढे वाटतं का?”

“आजाराचे नाही गं. पत्ता सापडल्याचे.”

इतका आनंदी तू मला आधी कधी दिसला नव्हतास. मी एक पेढा घेतला आणि तो तोंडात असतानाच तू म्हणालास, “त्या बाईंनी विचारलं, तुमची बहीण आहे ना? आता तिची तपासणी सोपी आहे म्हणाल्या. कुठे बघायचं ते माहीत झालंय.”

मी पाणी प्यायला उठले.

भीतीबद्दल मी पेपरात कधी लिहिलेलं नाही. लिहायची वेळ आली तर ‘नागरिकांत घबराट’ एवढं लिहून पुढे जाते. माझी भीती मोजक्या घटनांत सांगता येईल. एमआरआयच्या त्या दिवसापासून मला कुठल्याही तान्ह्या बाळाकडे साधं बघता आलेलं नाही. सहकाऱ्यांच्या घरी बारशाला गेले की मी बाळ मागून घेते आणि खिडकीशी जाते. सगळ्यांना वाटतं मला मुलांची हौस आहे. मी उजेडात त्याचे डोळे बघत असते. ठरतात का, की हलतात. ठरले की बाळ परत देते आणि मग मला घुगऱ्या खाता येतात.

लग्नाआधी प्रकाशला मी खरं सांगितलं होतं. तो “बरं” म्हणाला होता. त्याच्या घरी आईने पोलिओ सांगितला होता. नंतरची वर्षं आम्ही ‘बघू’ म्हणत काढली. सासूबाई नवस बोलल्या. माझ्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे की दोन्ही ठीक आहेत, हे कळायला तुझी चूक सापडल्यावर रक्ताची एक नळी पुरेशी होती. मी दिली नाही. दार बंद असेपर्यंत खोलीत काहीच नसू शकतं, असा माझा हिशेब होता.

यंदा थंडीत मला दिवस राहिले. प्रकाशनंतर पहिल्यांदा तुला सांगितलं. आईला नाही. तू मुलांच्या चाचणीचे पेपर तपासत होतास. पेन खाली ठेवलंस. मला वाटलं होतं तू हसशील. तू विचारलंस, “किती आठवडे?”

मी सांगितलं. तू मनात काहीतरी मोजलंस.

“वेळ आहे अजून. आधी तुझं रक्त. त्यात नसलं तर विषय संपला. असलं तर मग बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी.”

“आणि त्यात आलं तर?”

“ते मी कसं सांगणार? मी हितसंबंधी माणूस आहे.”

“थट्टा करू नकोस, नितीन.”

“थट्टा नाही. तुमच्याकडे नाही का, ज्याची बातमी त्यालाच लिहायला देत नाहीत? तसं.”

मी म्हटलं की मग मला काही कळूनच घ्यायचं नाही. तुझा आवाज चढला आणि शब्द आणखी अडकायला लागले. “तू बातमीदार ना? लोकांच्या दारात उभी राहून विचारतेस ना? मग स्वतःची अर्धी बातमी घेऊन का बसलीस?”

“ही बातमी नाही.”

“माझ्यासाठी आहे. मामा गेला, कुणाला कशाने ते कळलं नाही. माझी वीस वर्षं प्राणवायूत आणि पोलिओत गेली. आता तिसरा येईल तो तरी नाव घेऊन येऊ दे. किंवा येणारच नसेल तर ते कळू दे.”

 मग तू जे बोललास ते मी शब्दशः देते, कारण बाकी सगळ्या संभाषणात माझ्या स्मरणावर शंका घेता येईल, इथे नाही. तू म्हणालास, “मला वाईट वाटेल म्हणून तू तपासणी टाळतेस, हे मला ठाऊक आहे. तुला वाटतं, तू तपासलंस म्हणजे मी जन्मायला नको होतो असं तू म्हणालीस. मी तसं ऐकणार नाही. मला विचारून ठरवू नकोस. आणि मला घाबरून तर अजिबात ठरवू नकोस.”

मी म्हटलं, “पाहू.”

तू पेन उचललंस आणि पुढचा पेपर ओढलास. तो आपला शेवटचा वाद. तो संपलेला नाही.

त्या वेळी एक प्रश्न माझ्या ओठांवर होता. तू जन्मलास याचं तुला बरं वाटतं का? मी मंत्र्यांना, मेलेल्या माणसांच्या बायकांना, पूर ओसरल्यावर घरात शिरणाऱ्या लोकांना प्रश्न विचारले आहेत. हा विचारला नाही. तुझ्या पेढ्यांना, येवल्याच्या आवृत्तीला, चपलांच्या रॅकशेजारी बसून हसण्याला मी उत्तर समजावं का? तू असतास तर म्हणाला असतास, अंदाज आणि पुरावा यांत फरक असतो.

आणि आभार. रोज सकाळी माझं पान पट्टी ठेवून वाचणारा आणि साडेनऊच्या आत फोन करून एक तरी चूक सांगणारा वाचक मला दुसरा मिळाला नाही. “पाचव्या ओळीत नदी उलटी वाहतेय, ताई.” मी चिडायचे. आता फोन वाजत नाही आणि मी पान दोनदा वाचते.

पुढचं थोडक्यात. गेल्या वर्षापासून तुला गिळायला त्रास होऊ लागला होता. एका सकाळी पोह्यांचा घास श्वासनलिकेत गेला. आईने पाठ थोपटली, घास निघाला असं वाटलं. दोन दिवसांनी ताप. मग छातीत घरघर, मग रुग्णालय. मास्कच्या आतून तू दोनदा काहीतरी म्हणालास. आई म्हणते, तू पाणी मागितलंस. नाना म्हणतात, तू मला हाक मारलीस. दोन्हींपैकी एकाचीही खात्री देता येत नाही.

दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर होतो. नानांनी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळे समोरच्या पत्र्यावर होते. एकही उतरेना. तुला ठाऊक आहे, अशा वेळी घरचे लोक गेलेल्या माणसाला एकेक शब्द देतात. त्याची इच्छा अडकली असेल, ती पुरी करू, असं मोठ्याने सांगतात. नाना म्हणाले, तुझ्या मुलांची शिकवणी परीक्षेपर्यंत बंद पडू देणार नाही, मास्तर बघून देईन. कावळा हलला नाही. काकांनी काहीतरी सांगितलं. मावशीने सटाण्याच्या देवीचं नाव घेतलं. भटजी घड्याळ बघू लागले. पुढचं कुटुंब पायऱ्यांवर थांबलं होतं.

आई पुढे झाली. माझी बातमी तिला मी तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितली होती. तेव्हापासून तिने मला जवळ घेतलं नव्हतं. मी शेजारी बसले तर ती उठून जायची. ‘माझा स्पर्श नको तुला’ असं ती एकदाच म्हणाली होती. घाटावर तिच्या आजूबाजूला प्रकाशची आई होती, सगळे नातेवाईक होते, गल्लीतले लोक होते, ज्यांना तिने इतकी वर्षं एकच शब्द सांगितला होता.

आई मोठ्याने म्हणाली, “नितीन, तुला पोलिओ नव्हता. तुझं दुखणं माझ्याकडनं आलं. माझ्या भावालाही तेच होतं. मी खोटं सांगत आले. ताईच्या रक्ताची तपासणी करू. मी स्वतः घेऊन जाईन तिला.”

 सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांनी आपला पदर माझ्या खांद्यावरून घेतला. ऊन होतं म्हणून की आणखी कशासाठी, मी विचारलेलं नाही.

कावळा शिवला. आईचं बोलणं संपायच्या आधी की नंतर, यावर घरात दोन मतं आहेत. मी तिकडे बघत नव्हते.

तेराव्यानंतरच्या सोमवारी आई मला मुंबईला घेऊन गेली. त्याच डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. त्यांनी तुझी आठवण काढली. “ते मला म्हणाले होते, मॅडम, चूक आहे हे मला माहीत आहे, तुम्ही फक्त ओळ क्रमांक सांगा.” आई हे ऐकून रडली. तुझ्यामागे मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

निकाल फोनवर कळला. मी ऑफिसात होते, हातात पावतीपुस्तक होतं, त्याच्या मागच्या बाजूवर मी सवयीने लिहून घेतलं. तुझ्यात जिथे चूक सापडली त्याच जागी, तीच चूक, माझ्या दोनपैकी एका प्रतीत आहे.

मी हातातली बातमी पूर्ण करून दिली. मग प्रकाशला फोन केला, मग आईला. आई म्हणाली, “पुढचा दिवस कधीचा घ्यायचा?” एवढंच. माझ्या पोटावर हात ठेवून झोपायला मात्र ती त्या दिवसापासून यायला लागली. दुपारी येते, हात ठेवते. मला भीती वाटते. तिलाही वाटत असावी, कारण तिचा हात गार असतो.

आजार असलाच तर तो तुझ्याएवढाच असेल, असं डॉक्टर सांगत नाहीत. एकाच घरात, एकाच चुकीने, कमी-जास्त होऊ शकतं. मावशी सांगते, मामाचे पाय तुझ्यापेक्षा लहान वयात गेले होते. मुलगा की मुलगी हे ते सांगणार नाहीत, कायदा तसा आहे. आजार आहे की नाही, एवढंच कळेल. त्यानंतर काय, हे मी आणि प्रकाश अजून बोललेलो नाही. एकदा सुरुवात केली होती. दोघांनीही वाक्य पूर्ण केलं नाही.

काल सकाळी आई, प्रकाश आणि मी मुंबईला गेलो. पोटातून सुई घालून पाण्याचा नमुना घेतला. नमुना प्रयोगशाळेत पोहोचला आहे. अहवालाला काही आठवडे लागतील. सुई काढल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर पुन्हा एकदा पाहिलं. बाळाच्या हृदयाचे ठोके नियमित आहेत.